पीडीएफ करताना : मासिकांच्या छपाईपूर्वीचा एक दुर्लक्षित टप्पा

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी नियतकालिकांची जुळणी खिळ्यांकडून संगणकाकडे आली आहे. आज बहुतेक मासिके आणि दिवाळी अंक पीडीएफ फाईलच्या रूपाने छापखान्यात जातात. लेखकाने लिहिलेले, संपादकाने संस्कारिलेले आणि मुद्रितशोधकाने दोनदा डोळ्यांखालून घातलेले पान शेवटी डीटीपी करणाऱ्याच्या हाती येते आणि ‘आता पीडीएफ करून पाठवून द्या’ एवढ्या एका वाक्यात पुढचे काम उरकले जाते. वस्तुतः याच क्षणी पानाचे एका रूपातून दुसऱ्या रूपात भाषांतर होत असते. भाषांतरात चुका होतात त्याप्रमाणे येथेही त्या होतात. फरक इतकाच, की या चुका फर्मा छापून झाल्यावरच दृष्टीस पडतात.

रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे प्रत्येक पानावर काही अडचणी येतात. एखादा फाँट सापडत नाही, एखादे चित्र फारच लहान असते, एखादा रंग छपाईच्या चार शाईंत बसत नाही. अशा वेळी थांबून विचारायचे, की स्वतःच अंदाज बांधून पुढे जायचे, हे त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगवर ठरते. कंपनीकडून येताना ही सेटिंगे सर्वसाधारण कार्यालयीन वापराच्या सोयीने लावलेली असतात. म्हणजे शक्यतो काम न अडवता पूर्ण करण्याकडे त्यांचा कल असतो. मासिकाच्या छपाईसाठी नेमके उलटे हवे असते. टेबलावर अडलेली फाईल दहा मिनिटांत दुरुस्त होते. प्लेटवर गेलेली चूक प्लेट, कागद, मशीनचा वेळ आणि दिवाळीच्या तोंडावर हातची गेलेली पाळी अशी सगळी किंमत वसूल करते.

पोस्टस्क्रिप्ट आणि डिस्टिलर

जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली अ‍ॅडोबी कंपनी स्थापन केली. तिची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा १९८४ मध्ये आली आणि पुढील वर्षी अ‍ॅपलच्या लेझररायटर प्रिंटरमुळे व आल्डस कंपनीच्या पेजमेकरमुळे डीटीपीचे युग सुरू झाले. पोस्टस्क्रिप्ट ही खरे पाहता संगणकाची भाषाच असल्याने त्यातील फाईल चालवल्याशिवाय पान कसे दिसेल हे कळत नसे. १९९३ मध्ये अ‍ॅडोबीने पीडीएफ आणले आणि त्याबरोबर पोस्टस्क्रिप्टचे पीडीएफमध्ये रूपांतर करणारा ‘अ‍ॅक्रोबॅट डिस्टिलर’ही आणला. पीडीएफमध्ये पान आधीच ‘चालवून’ ठेवलेले असते. म्हणून ते उघडता येते, तपासता येते आणि हवे तेवढे एकच पान बदलता येते. २००८ मध्ये पीडीएफ हे आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक झाले.

आज इनडिझाइनसारखी सॉफ्टवेअर थेट पीडीएफ निर्माण करतात. तरीही डिस्टिलरचा अभ्यास व्यर्थ नाही. पेजमेकरची शेवटची, म्हणजे ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये निघाली. परंतु जुन्या मराठी फाँटांच्या सवयीमुळे तिचा वापर त्यानंतरही बराच काळ चालू राहिला. अशा सॉफ्टवेअरमधून पीडीएफ करण्याचा खात्रीचा मार्ग डिस्टिलरमधूनच जातो. शिवाय थेट निर्यातीच्या खिडकीत जे प्रश्न विचारले जातात, त्यांतले बहुतेक डिस्टिलरच्याच वंशातले आहेत. ही सर्व उत्तरे ‘जॉबऑप्शन्स’ नावाच्या एका छोट्या फाईलमध्ये साठवली जातात आणि ती एका संगणकावरून दुसऱ्यावर नेता येते.

देवनागरीचा खरा धोका : फाँट

मराठी मासिकाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग फाँटचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम, तसेच आकृती यांसारख्या प्रणालींनी मराठी अक्षरजुळणी सांभाळली. त्या काळच्या फाँटांमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेली असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे केवळ रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग. तिला मराठीपण येते ते फाँटमुळे. इंग्रजी मासिकात एखादा फाँट हरवला तर त्याच्या जागी दुसरा येतो, पान ओंगळ दिसते, पण निदान वाचता येते. जुन्या मराठी फाँटच्या जागी मात्र कुरियरसारखा फाँट आला, की कवितेच्या पानावर निव्वळ रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा पडतो.

डिस्टिलरच्या फाँटविषयक विभागात ‘सर्व फाँट समाविष्ट करा’ ही खूण असलीच पाहिजे, हे अनेकांना ठाऊक असते. मात्र त्याच विभागातील ‘समावेश करता न आल्यास काय करावे’ या प्रश्नाकडे फारसे कोणी पाहत नाही. तेथे दुर्लक्ष करा, इशारा देऊन पुढे चला आणि काम रद्द करा असे तीन पर्याय असतात. नेहमीचे उत्तर ‘इशारा देऊन पुढे चला’ हे असते. रात्री दोन वाजता ९६ पाने रूपांतरित होत असताना तो इशारा एका नोंदवहीवजा फाईलमध्ये जाऊन पडतो आणि कोणी वाचत नाही. येथे ‘काम रद्द करा’ हेच उत्तर हवे. संपूर्ण लेखात एवढा एकच बदल कोणी केला तरी मासिकाचे बरेच भले होईल.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. विंडोजमध्ये पीडीएफचा प्रिंटर निवडला असता त्याच्या गुणधर्मांत ‘केवळ संगणकातील फाँटवर विसंबा, दस्तऐवजातील फाँट वापरू नका’ अशा अर्थाची एक खूण असते. ती चालू असेल तर पानातील फाँट पोस्टस्क्रिप्टबरोबर पाठवलाच जात नाही. डिस्टिलर आपल्या संगणकावरील त्याच नावाचा फाँट घेतो. एकाच नावाच्या मराठी फाँटच्या दोन आवृत्त्या आपल्याकडे सर्रास आढळतात. जुन्यात एखादे जोडाक्षर एका जागी, नव्यात दुसऱ्या जागी. अशा वेळी पान शंभरात नव्व्याण्णव ठिकाणी बरोबर दिसते आणि एखादा ‘द्ध’ किंवा रफार तेवढा बदलतो. मुद्रितशोधकाने ज्या प्रूफावर सही केली त्यात ही चूक नव्हतीच, त्यामुळे दोष कोणाचा यावर वाद मात्र पुष्कळ होतो. ती खूण काढून टाकणे हाच यावर उपाय होय.

फाँट संपूर्ण घ्यावा की त्यातील वापरलेली अक्षरेच, हाही एक प्रश्न असतो. केवळ वापरलेली अक्षरे घेतल्यास पीडीएफ आटोपशीर होते आणि अशा फाँटच्या नावापुढे सहा मोठ्या रोमन अक्षरांचा उपसर्ग लागतो. त्यामुळे छापखान्यातील यंत्रणा आपल्याकडील समान नावाचा फाँट त्याच्या जागी वापरत नाही. मासिकासाठी हा मार्ग सुरक्षित आहे. मात्र पुढे त्याच पीडीएफमध्ये अक्षरदुरुस्ती करण्याची आशा बाळगू नये. दुरुस्ती मूळ फाईलमध्येच करावी.

काही फाँटमध्ये निर्मात्याने समावेशाची परवानगीच दिलेली नसते. असा फाँट रूपांतर नाकारतो आणि मग ‘कर्व्ह’ करण्याचा, म्हणजे अक्षरांचे रेखाकृतीत रूपांतर करण्याचा सोपा मार्ग सुचतो. कोरलड्रॉवर वाढलेल्या आपल्या डीटीपी व्यवसायात तर सगळी पाने कर्व्ह करून पाठवण्याची चालच आहे. मुखपृष्ठावरील शीर्षकासाठी किंवा एखाद्या जाहिरातीसाठी ते ठीक आहे. परंतु १० पॉइंटातील सलग मजकूर कर्व्ह केल्यास फाईल जड होते, कमी क्षमतेच्या यंत्रावर शिरोरेषा आणि मात्रा किंचित जाड उमटतात आणि शेवटच्या क्षणी एक अनुस्वार बदलायचा तरी मूळ फाईल शोधावी लागते. अक्षरांना अक्षरे म्हणून पाठवणे केव्हाही श्रेयस्कर.

युनिकोड फाँटमुळे हे प्रश्न पुष्कळ कमी झाले, तरी एक नवा निर्माण झाला. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. रूपांतर करणाऱ्याला हे कळण्याचा संभव नाही. पडद्यावर जे चुकले आहे तेच तो अत्यंत प्रामाणिकपणे पीडीएफमध्ये उतरवतो. इंटरनेटवरून उचललेल्या मजकुराच्या चौकटी या दृष्टीने स्वतंत्रपणे पाहाव्यात.

जुन्या ‘टाइप १’ फाँटविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. अ‍ॅडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या सॉफ्टवेअरमधून त्यांचा आधार काढून घेतला. अ‍ॅपलनेही २०२२ च्या मॅकओएस व्हेंच्युरामध्ये प्रिव्ह्यूतून पोस्टस्क्रिप्ट फाईल उघडण्याची सोय बंद केली. पूर्वी केलेल्या आणि फाँट समाविष्ट असलेल्या पीडीएफ मात्र पूर्वीप्रमाणेच दिसतात व छापल्या जातात. जुने अंक मूळ फाईलपेक्षा पीडीएफच्या रूपात जपून ठेवणे किती शहाणपणाचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

छायाचित्रे : किती ठिपके पुरेसे?

आर्ट पेपरवरील मासिकात साधारणपणे इंचाला १५० ओळींचा स्क्रीन वापरतात. छायाचित्राचे रिझोल्युशन स्क्रीनच्या दीड ते दुप्पट असावे हा व्यवहारातील नियम, म्हणून इंचाला ३०० पिक्सेल हा आकडा रूढ झाला. डिस्टिलरच्या छपाईसाठीच्या सेटिंगमध्ये ४५० पेक्षा अधिक असलेले चित्र ३०० वर आणले जाते. रेषाचित्रांसाठी हाच आकडा १२०० ठेवावा लागतो. व्यंगचित्रे आणि अर्कचित्रे हे मराठी दिवाळी अंकांचे वैभव आहे. ती करड्या छटांत ३०० वर स्कॅन करून रेषा दातेरी किंवा धूसर करून टाकणे हा चित्रकारावर अन्यायच होय. कॉम्प्रेशनसाठी जेपीईजी वापरल्यास दर्जा ‘सर्वोच्च’ ठेवावा.

हे सेटिंग चित्राचे पिक्सेल कमी करते, नसलेले निर्माण करत नाही. १६०० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र ३०० च्या हिशेबाने सव्वापाच इंच, म्हणजे सुमारे साडेतेरा सेंटिमीटर रुंद छापता येईल. तेच क्राउन १/४ आकाराच्या, साडेसात इंच रुंदीच्या पूर्ण पानावर ताणले तर इंचाला सुमारे २१० पिक्सेल उरतात. निसर्गदृश्य असेल तर खपून जाईल, बारीक अक्षरे असलेला जुना दस्तऐवज असेल तर नाही. मोबाइलवरून निरोपाबरोबर आलेली छायाचित्रे वाटेत आकुंचित झालेली असतात, म्हणून मूळ फाईलच मागवावी. चित्राच्या विभागात ‘पॉलिसी’ नावाचे बटण आहे. ठरावीक मर्यादेखालचे चित्र आढळल्यास इशारा द्यावा की काम थांबवावे, हे तेथे सांगता येते. मर्यादा मात्र विचारपूर्वक ठेवावी. ती ३०० ठेवली तर एकही अंक वेळेवर निघणार नाही. १५० च्या खाली थांबा, हे व्यवहार्य आहे.

काळा रंग एकच नसतो

वर्डमध्ये टंकित केलेला किंवा ई-मेलने आलेला काळा मजकूर पुष्कळदा पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीतला असतो. ‘सर्व रंग चार शाईंत बदला’ असे सांगितले की त्या काळ्याचे निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चारही शाईंत विभाजन होते. चार प्लेटांची जुळणी केसभर जरी हलली, तरी प्रत्येक काना-मात्रेला रंगीत सावली पडते. देवनागरीत शिरोरेषेमुळे ती अधिकच खुपते. म्हणून मजकुराचा रंग मूळ पानातच ‘शंभर टक्के काळा, बाकी शून्य’ असा करून घ्यावा आणि मगच रूपांतर करावे. आधीच चार शाईंत असलेले चित्र या टप्प्यावर पुन्हा बदलू देऊ नये.

एका जागी पडणाऱ्या चारही शाईंची बेरीजही मर्यादेत असावी लागते. अमेरिकेतील स्वॉप या मासिक-छपाईच्या प्रमाणानुसार ती ३०० टक्के आहे, युरोपातील फोग्रा-३९ वर आधारलेल्या आर्ट पेपरच्या प्रोफाइलमध्ये ३३० आणि तिच्याच दुसऱ्या रूपात ३००, न्यूजप्रिंटसाठी २४०. अधिक शाई पडली तर कागद वाळत नाही आणि मागच्या पानावर डाग उमटतात. उत्तर अमेरिकेच्या सेटिंगसह बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये स्वॉपचीच प्रोफाइल निवडलेली असते आणि ती तशीच वर्षानुवर्षे राहते. अंक मॅपलिथोवर छापायचा असेल तर या निवडीला काहीच आधार नाही. छापखान्याला कागद कोणता आणि प्रोफाइल कोणती हे स्पष्ट विचारावे. काही छापखान्यांकडून ‘काहीही पाठवा, आम्ही पाहून घेऊ’ असे उत्तर मिळते. ते ऐकून निश्चिंत होण्याऐवजी सावध व्हावे.

‘ओव्हरप्रिंट जपा’ ही खूण चालू ठेवावी. काळी अक्षरे रंगीत पार्श्वभूमीवर थेट छापली जाणे इष्टच असते. पण पांढऱ्या अक्षरांना चुकून ओव्हरप्रिंट लागले असेल तर छपाईत ती नाहीशी होतात, कारण पांढरी शाई नसतेच. साध्या पडद्यावर ती दिसत राहतात. जाहिरातदाराचा दूरध्वनी क्रमांक अशाच रीतीने अदृश्य होतो आणि बिल अडते.

मानक आणि पानाच्या कडा

या सर्व सूचनांचे एकत्रित रूप म्हणजे पीडीएफ/एक्स-१ए हे मानक. आयएसओने ते २००१ मध्ये प्रसिद्ध केले. सर्व फाँट समाविष्ट, रंग केवळ चार शाईंचे किंवा विशेष शाईचे, पारदर्शकता नाही, छपाईची अपेक्षित स्थिती नोंदलेली आणि पानाची कापण्याची कड निश्चित, अशा त्याच्या अटी आहेत. बाहेरून येणाऱ्या जाहिरातींसाठी ते अजूनही सोयीचे आहे, कारण त्यात वाद घालण्यास फारशी जागा नाही. पारदर्शकता आणि स्तर यांना मुभा देणारे पीडीएफ/एक्स-४ हे मानक २००८ मध्ये आले. छापखान्याचा रिप, म्हणजे पानाचे ठिपक्यांत रूपांतर करणारी यंत्रणा, नव्या पिढीची असेल तर सावल्या आणि विरळ होत जाणाऱ्या कडा असलेल्या पानांसाठी तेच चांगले. रिप जुना असेल तर सावलीभोवती पांढरी चौकट येण्याचा धोका असतो. मानक निवडल्यावरही ‘अटी पूर्ण न झाल्यास काम रद्द’ हे सांगावेच लागते; अन्यथा मानकात न बसणारी पीडीएफही निमूटपणे तयार होते.

पानाला तीन मिलिमीटर ब्लीड आणि कापण्याची कड ठरवून द्यावी. ‘पाने आपोआप फिरवा’ हे सेटिंग बंद करावे. आडव्या तक्त्याचे पान पाहून सॉफ्टवेअर ते स्वतःच फिरवते आणि फर्म्यात ते पान झोपलेले निघते. पोस्टस्क्रिप्ट फाईलला आपले सेटिंग बदलण्याची परवानगी देणारी एक खूण प्रगत विभागात असते. तीही काढावी, नाहीतर एवढी मेहनत घेऊन बांधलेली जॉबऑप्शन्स एखादी आगंतुक फाईल परस्पर बदलून टाकते.

एक फाईल, एक जागा

सेटिंग ठरले की ते छापखान्याच्या व कागदाच्या नावाने आणि तारखेसह जतन करावे. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ या नावांनी काहीही बोध होत नाही. कार्यालयात तीन संगणक असतील तर डिस्टिलरची ‘वॉच्ड फोल्डर’ ही सोय वापरावी. एका संगणकावर ‘इन’ आणि ‘आउट’ असे कप्पे तयार होतात. ‘इन’मध्ये टाकलेली प्रत्येक पोस्टस्क्रिप्ट फाईल त्याच सेटिंगने रूपांतरित होऊन ‘आउट’मध्ये येते. पैसे खर्च करावयाचे नसतील तर घोस्टस्क्रिप्ट या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रीप्रेस’ नावाचे तयार सेटिंग आहे. आज्ञा टंकित करण्याची तयारी हवी आणि रंगांविषयीच्या सूचना स्वतः द्याव्या लागतात.

तयार पीडीएफ ज्या संगणकावर बनवली त्यावर कधीही तपासू नये. तेथे सगळे फाँट असतात, त्यामुळे उणीव झाकली जाते. एकही मराठी डीटीपी फाँट नसलेल्या संगणकावर ती उघडावी, गुणधर्मांतील फाँटच्या यादीत प्रत्येक नावापुढे समावेशाची नोंद आहे का ते पाहावे आणि अ‍ॅक्रोबॅटच्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये काळी शाई तेवढी बंद करावी. मजकूर संपूर्ण नाहीसा झाला तर तो शुद्ध काळा आहे. धूसर छाया मागे राहिली तर चार शाईंचा आहे. ९६ पानांची ही तपासणी अर्ध्या तासात होते. त्यानंतर छापखान्याकडून मागावयाचे प्रूफ रिपमधून निघालेले असावे. आपण पाठवलेलीच पीडीएफ साध्या प्रिंटरवर काढून त्यावर सही घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्या सहीचा प्लेटवरील मजकुराशी काहीही संबंध नसतो, म्हणून ती देऊ नये.